हिंदुरावची शेवटची पानं

बेळगावच्या शहापूर भागातल्या एका अरुंद गल्लीत गुंडू लोकरीचे चार माग आहेत. सकाळी ते सुरू झाले की गल्लीतल्या माणसांना बोलायचं असेल तर कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जावं लागतं. त्यातल्या दोन मागांवर गुंडूची बायको जयवंता गेली अठ्ठावीस वर्षं उभी आहे. तुटलेला धागा जोडायचा, संपलेली कांडी बदलायची, साडीचा काठ सरळ चाललाय ना ते बघायचं. हात तिथं असतात. डोकं मात्र बहुतेक वेळ कारवारच्या खाडीत, नाहीतर एखाद्या जहाजाच्या पोटात असतं.

जयवंता रहस्यकथा लिहिते. दहावीपर्यंत शिकलेली बाई, पण शाळेच्या वाचनालयातलं एकही पुस्तक तिनं सोडलं नव्हतं. लग्नानंतर पोरांच्या वह्यांतली कोरी पानं उरायला लागली, तशी ती त्यांत लिहायला लागली. करंट गेला की माग थांबायचे, आणि माग थांबले की हिची वही उघडायची. पूर्वी दिवसातून चार-चार तास करंट जायचा तेव्हा वर्षाला एक पुस्तक हातावेगळं व्हायचं. आता सरकार वीज नीट देतं, त्यामुळं पुस्तकाला दोन वर्षं लागतात, अशी तिची खरोखरीची तक्रार आहे.

तिचा नायक कमांडर हिंदुराव शितोळे. नौदलातून निवृत्त झालेला, उंच, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा. बंदरातून गायब झालेला खलाशी असो की बंद खोलीतला खून, पोलिसांनी हात टेकले की हिंदुराव यायचा. बेळगावातल्या एका छोट्या प्रकाशकानं त्याची सात पुस्तकं काढली. वर लेखकाचं नाव ज. गु. लोकरी. बाईचं नाव टाकलं तर रहस्यकथा कोण घेणार, असं प्रकाशकाचं मत पडलं, आणि जयवंतानंही ताणून धरलं नाही.

समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. मग नौदलच का? तिचं कारण सोपं होतं. नायक मास्तर केला तर गल्लीतले मास्तर रागावणार. पोलीस केला तर चौकीतले विचारणार, डॉक्टर केला तर दवाखान्यात जायची चोरी. शहापुरात नौदलातला एकही माणूस नव्हता. म्हणजे चुका काढायलाही कुणी नव्हतं.

हा हिशेब चौदा वर्षं बरोबर चालला. मग फेब्रुवारीत प्रकाशकाकडून एक जाड पाकीट आलं. आत सात पानी पत्र. लिहिणारे मारुतीराव, मुक्काम बोरगाव, तालुका निपाणी. नौदलात खलाशी म्हणून भरती झालेले, इंजिनखोलीत उमेदीची वर्षं घालवलेले आणि लेफ्टनंट होऊन घरी आलेले.

पत्रात चुकांची यादी होती. एकूण त्रेचाळीस. "पुस्तक दुसरे, पान साठ. जहाजात जिना नसतो, शिडी असते, आणि तिला नक्षीचा कठडा मुळीच नसतो. पुस्तक तिसरे, पान एकशे दहा. आपला हिंदुराव पाणबुडीच्या खिडकीचा पडदा बाजूला सारून माशांकडे बघतो. साहेब, आमच्या पाणबुडीला खिडकी नसते. मग पडदा कुठून आला? आणि त्या पडद्याला जरीचा काठ होता हे आपण सव्वा पान लिहिले आहे."

जयवंतानं पत्र वाचलं आणि तोंडाला पदर लावून मागाशेजारच्या स्टुलावर बसली. गुंडूनं ते हातातून घेतलं आणि वाचता वाचता इतका हसला की त्याला ठसका लागला.

"हसाय काय झालं? आब्रू गेली की माझी!"

"अगं, शेवट तर वाच."

शेवटी लिहिलं होतं, "आठवे पुस्तक कधी येणार? जरा लवकर करावे. मी बाहत्तर वर्षांचा आहे."

तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. आठव्या पुस्तकाची वही तिनं कपाटात ठेवून दिली. महिनाभर करंट गेला तरी ती शेंगा निवडत बसायची, पण वहीला हात लावायची नाही. जहाज म्हटलं की तिला आता पडदाच दिसायचा.

मार्चच्या एका मंगळवारी, माग जोरात चालू असताना, दारात एक म्हातारा उभा राहिला. पांढराशुभ्र शर्ट, ताठ पाठ, काखेत कापडी पिशवी.

"लोकरीसाहेब आहेत का?" त्यानं विचारलं.

गुंडूला आवाज ऐकू गेला नाही. पण आतल्या मागाजवळून जयवंतानं ओठ हलवले, "कोण पायजे?" आवाज न काढता. मागावर आयुष्य गेलेल्या बायका अशाच बोलतात.

म्हाताऱ्यानंही तसेच नुसते ओठ हलवले, "ज. गु. लोकरी. लेखक. मी बोरगावचा मारुतीराव."

इंजिनखोलीतली माणसंही तशीच बोलतात, हे जयवंताला तेव्हा कळलं. चार माग खडखडत होते, आणि ती दोघं खोलीच्या दोन टोकांना उभी राहून निवांत बोलत होती. गुंडू आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"लेखक घरात न्हाईत," ती म्हणाली.

"मग त्या खिडकीत हिंदुरावचं नाव लिहिलेली वही कुणाची हाय?"

वही कपाटातून बाहेर काढून खिडकीत कुणी ठेवली होती? जयवंतानं नवऱ्याकडे बघितलं. गुंडूनं नजर मागावर लावली. ती लटक्या रागानं पुढं झाली, बटण दाबून माग बंद केले आणि एकदम पडलेल्या शांततेत म्हणाली, "माझी हाय. मीच जयवंता गुंडू लोकरी. त्या त्रेचाळीस चुका माझ्याच."

मारुतीरावांनी चप्पल काढून दाराशी नीट ठेवली, आत आले आणि म्हणाले, "आता पडद्याचा काठ कळला."

चहा झाला, पोहे झाले. मारुतीराव चुका काढायला आले नव्हतेच. पिशवीतून त्यांनी हिंदुरावची सातही पुस्तकं काढून चटईवर मांडली.

"ही आमच्या गावच्या वाचनालयाची. मी तिथला अध्यक्ष. पंधरा दिवसांमागं नवी कव्हरं घालायला काढली, तर बघा काय."

जयवंतानं पहिलं पुस्तक उघडलं. शेवटचं प्रकरण नव्हतं. दुसरं, तिसरं, सातवं, सगळ्यांचा शेवट कापलेला. फाडलेला नाही, कापलेला. बोट फिरवून ती म्हणाली, "ब्लेड न्हवं हे. बारकी कातर हाय. आन् हात सरावाचा."

"ते मीबी ओळखलं. पण कोण? वाचनालयाची वही तपासली. सातही पुस्तकं नेलेला माणूस शोधला, तर एकबी न्हाय. प्रत्येक पुस्तक शेवटी येगळ्याच बाईनं नेलेलं. आठ दिवस पेपर तोंडासमोर धरून पाळत ठेवली. गावातली पोरं चेष्टा करायला लागली, खऱ्या कमांडरला काय जमंना म्हणून. आन् खरी गंमत आता सांगतो." त्यांनी कप खाली ठेवला. "शेवट न्हाय, तरी एका वाचकाची तक्रार न्हाय! रहस्यकथेचा शेवट न्हाय, आन् समदं गाव गप!"

जयवंता सरळ होऊन बसली. महिनाभरात पहिल्यांदा तिच्या डोक्यातला माग सुरू झाला होता. गुंडूनं ते ओळखलं. "जाऊन ये गं," तो म्हणाला. "दोन दिवस माग मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं बसनं निघाली. कंडक्टरनं "आधार कार्ड तोरसरी" म्हणत कानडीत तिचं कार्ड बघायला मागितलं, सरकारनं बायकांना दिलेलं फुकटचं तिकीट फाडून दिलं आणि मारुतीरावांकडे सुट्टे मागितले. "देशाची सेवा मी केली आन् फुकट प्रवास तुमचा," असं ते निपाणी येईपर्यंत तीनदा म्हणाले. निपाणीत गाडी बदलली. स्टँडवर तंबाखूचा वास नाकात भरला, तशी ती म्हणाली, "आप्पा, त्या पुस्तकांना तंबाखूचा वास येतोय, हे बघितलंसा का?"

"आक्का, आमच्याकडं देव्हाऱ्यातल्या कापरालाबी तंबाखूचा वास येतोय. त्यानं काय सापडणार?"

बोरगावात मारुतीरावांच्या घरी त्यांच्या पत्नी अक्काताई जेवायला थांबल्या होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, बडबड्या. पाहुणी कोण हे कळल्यावर त्यांनी भाकरी परतायची सोडून तिचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही लिवता व्हय? अगं बाई! ते दीपगृहाचं पुस्तक, चौथं. काय शेवट केलाय! मी रडले की हो."

जयवंताला जरा आश्चर्य वाटलं. चौथ्या पुस्तकाच्या शेवटी हिंदुराव दीपगृहाच्या रखवालदाराला पकडतो आणि पोलीस त्याला घेऊन जातात. रडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"कुठल्या जागी रडलासा?" तिनं विचारलं.

"ती रखवालदाराची बायको नसती का? नवरा पिऊन पडायचा, आन् अकरा वर्सं रोज दिवा तीच लावायची. एक दिवस खाडा न्हाय. तिनंच गुन्हेगाराचं जहाज ओळखून दिव्यानं खूण केली, म्हणून हिंदुराव वाचला. आन् शेवटी त्यो तिला सलाम करतोय. टोपी घालून, कडक! मी तर पदरानं डोळं पुसलं."

मारुतीरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी पुस्तक कापलं जायच्या आधी वाचलं होतं. "असं कुठं हाय पुस्तकात?"

जयवंताच्या पुस्तकात रखवालदाराची बायको दोनदा यायची. दोन्ही वेळा चहा घेऊन. दुसऱ्यांदा कप उचलून आत गेली, ती जयवंता पुढं विसरूनच गेली होती. आणि आता बोरगावच्या स्वयंपाकघरात ती बाई अकरा वर्षांचा दिवा घेऊन समोर उभी राहिली होती. हा शेवट तिच्या शेवटापेक्षा चांगला होता. चांगला म्हणजे लई चांगला होता, आणि ते तिला घासाबरोबर गिळावं लागलं.

"अक्काताई, ह्यो शेवट तुम्हास्नी कुणी सांगितला?"

"गिरणीत सौम्यानं. पीठ दळाय गेलते तवा."

"आप्पा," जयवंता वळून म्हणाली, "आठ दिवस पाळत ठेवलीसा, घरात न्हाय विचारलं?"

"घरात कशाला विचारायचं?" मारुतीराव म्हणाले, आणि अक्काताईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी लगेच आमटी मागून घेतली.

सौम्या शेजारच्याच गल्लीतली, निपाणीच्या कॉलेजात जाणारी पोरगी. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "आईनं सांगितलं. ती बाळाबाई मावशीच्या ओट्यावर बिड्या वळायला जाती. तिथं मावशी पुस्तक वाचून दाखवती. पुस्तक आळीपाळीनं बायकाच आणत्यात, ज्या त्या आपल्या नावावर."

मारुतीरावांनी कपाळावर हात मारला. सात पुस्तकं, सात नावं, आणि ओटा एकच.

दुपारी तीनच्या सुमाराला ती दोघं तिथं पोचली. लांबलचक ओटा, वर पत्रा, आणि भिंतीला पाठ लावून पंधरा-वीस बायका बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि टेंभुर्णीची पानं. मधोमध चष्मा लावलेली, साठीची, काटक बाळाबाई. तिच्या हातातली बारकी कातर पान कापत होती, आणि तोंड चालू होतं.

"...तर हिंदुराव म्हणाला, त्या पेटीत काय हाय ते मला म्हायती हाय. पर पेटी उघडायचा मान माझा न्हवं. ज्या बाईनं ती सात वर्सं राखली, तिचा..."

जयवंता ओट्याच्या कडेला टेकली. सातव्या पुस्तकातली पेटी. तिच्या पुस्तकात ती हिंदुराव स्वतःच लाथ मारून उघडतो. मारुतीराव पुढं सरसावले, तसं तिनं त्यांचा हात धरला. "थांबा की आप्पा. ऐकू द्या."

दीड तास ती ऐकत राहिली. कुणाची बोटं थांबत नव्हती, पण कुणाची नजरही बाळाबाईवरून हलत नव्हती. गोष्ट एका जागी येऊन थांबली, तेव्हा जयवंतानंच विचारलं, "पर हे पुस्तकात असं हाय का वं?"

ओट्यावरची बोटं पहिल्यांदाच थांबली. बाळाबाईनं चष्म्यावरून आधी तिला बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या मारुतीरावांना. वाचनालयाचा अध्यक्ष दारात आल्यावर काय ते तिला कळलं. कातर सुपात ठेवून ती म्हणाली, "न्हाय. आन् पानं मीच कापली. पानं कापायला माझा हात बसलाय."

"का पण?" मारुतीराव म्हणाले. "सरकारी पुस्तकं ती!"

"सांगते की. पयलं पुस्तक हाय तसं वाचलं. संपलं आन् बायका म्हणाल्या, एवढंच? दुसरं पुस्तक यायला दोन वर्सं. तवर काय भिंतीकडं बघत वळायच्या? म्हणून शेवट जरा लांबवला. एक प्रकरण होतं, त्याचं महिनाभर केलं. तर एकीच्या लेकीनं पुस्तक चाळलं आन् भर ओट्यावर म्हणाली, मावशी खोटं सांगती. मग काय करणार? पुरावाच ठेवला न्हाय."

बायकांमध्ये खसखस पिकली. बाळाबाई मात्र हसली नाही.

"आन् दुसरं सांगू? त्यो लिवणारा गडी हुशार हाय. गाठ लई घट्ट मारतोय, सुटता सुटत न्हाय. पर त्याला बायको नसंल. त्याच्या पुस्तकात बाई येती, च्या देती आन् आत जाती. सात पुस्तकांत सतरा येळा च्या. मी मोजलंय. हितं बसलेल्या एका तरी बाईचं काम नुस्तं च्या द्यायचं हाय का? त्यांना त्यो शेवट कसा ऐकवू?"

जयवंताचा चेहरा लाल झाला. शरमेनं झाला की आणखी कशानं, तिचं तिलाच कळेना. अठ्ठावीस वर्षं उभी राहून साड्या विणणारी बाई ती, आणि तिच्या पुस्तकात एकही बाई उभी नव्हती.

"त्यो गडी मीच," ती म्हणाली.

बाळाबाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. मग उठून तिच्याजवळ आली आणि तिचा उजवा हात उलटा करून बघितला. धाग्यानं बोटांवर पडलेल्या बारीक चिरा तिथं होत्या.

"मागावरली हायस?"

"व्हय."

"मग असं का लिवतीस गं बाई?"

जयवंताला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. बाळाबाईही हसली, मग सगळा ओटा हसला, आणि मारुतीरावांच्या हातात कुणीतरी चहाचा कप दिला. तो कप एका बिडी कामगार बाईच्या नवऱ्यानं आणला होता, हे बाळाबाईनं मुद्दाम सगळ्यांना दाखवून दिलं.

कापलेली पानं तिनं फेकली नव्हती. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, पुस्तकाप्रमाणे वेगवेगळी दोऱ्यानं बांधून ठेवली होती. मारुतीरावांनी ती मोजून ताब्यात घेतली आणि वाचनालयाच्या समितीपुढं प्रश्न ठेवला. समितीत दोन मतं पडली. एक, बाळाबाईला ओट्यावर पुस्तक देऊ नये. दुसरं मारुतीरावांचं. त्यांनी नौदलातल्यासारखा आवाज लावल्यामुळं तेच पास झालं. शिक्षा अशी ठरली की बाळाबाईनं दर रविवारी दुपारी वाचनालयात येऊन सगळ्यांसाठी पुस्तक वाचायचं. पानं परत चिकटवली गेली. आणि सौम्यानं सुवाच्य अक्षरात बाळाबाईचे शेवट लिहून काढले, तेही प्रत्येक पुस्तकाच्या मागं जोडले. आता बोरगावच्या वाचनालयात हिंदुरावच्या प्रत्येक पुस्तकाला दोन शेवट आहेत, आणि आधी कुठला वाचायचा यावरून घराघरांत वाद आहेत.

जयवंता शहापूरला परतली ती वही घेऊनच बसली. या खेपेला तिनं करंट जायची वाट पाहिली नाही. गुंडूला म्हणाली, "दुपारी दोन तास माझे माग तुम्ही बघायचं." गुंडूनं आधी सगळी नाटकं केली आणि मग बघितले. आठवं पुस्तक सात महिन्यांत झालं. त्यात हिंदुरावबरोबर जयगडची एक मासे विकणारी बाई आहे, जी वाऱ्याची दिशा बघून बोट कुठून आली ते सांगते, आणि अर्धं रहस्य तीच सोडवते. प्रकाशक जरा कुरकुरला. पण नौदलाच्या निवृत्त लेफ्टनंटनं तपासलेलं पुस्तक म्हटल्यावर तो खूष झाला. कव्हरवर या वेळी पूर्ण नाव आहे.

छापायच्या आधी मात्र एक अट होती, आणि ती जयवंतानं स्वतःच स्वतःला घातली होती. हस्तलिखित घेऊन ती तीन रविवार बोरगावला गेली. वाचनालयात पुढच्या बाकावर मारुतीराव कागद-पेन्सिल घेऊन बसले, शेजारी बाळाबाई नुसतीच हात बांधून, आणि मागं सगळा ओटा. जयवंता वाचत गेली. मारुतीरावांनी नऊ ठिकाणी बोट वर केलं. बाळाबाईनं पहिले दोन रविवार एक अक्षर काढलं नाही. शेवटच्या रविवारी, बोट बंदराला लागते त्या प्रकरणात, ती एकदम म्हणाली, "थांब गं. ही मासेवाली त्याच्या बोटीवर फुकट का जाईल? तिच्या मासळीचं काय? ती कुठं ठेवली, ते सांग आधी."

मारुतीराव मान हलवून म्हणाले, "बरोबर हाय. बर्फाशिवाय दोन तासांत वास सुटंल."

जयवंतानं पेन काढलं. मागच्या बाकावर अक्काताई शेजारणीला हळूच सांगत होत्या की मासळी बहिणीकडं ठेवली असणार, दुसरं कोण ठेवून घेईल. ते ऐकून जयवंतानं तसंच लिहिलं आणि पुढं वाचायला लागली.